आधी माप, मग कात्री: आमच्या समोरच्या बागेचा आराखडा करून देणाऱ्यांचा अनुभव

माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान पुण्यातल्या एका जुन्या कॉलनीच्या बागेसमोर आहे. गाळा भाड्याचा, पण एकोणीस वर्षं झाली. मशीन दाराशी, तोंड रस्त्याकडे, त्यामुळे बागेचं फाटक दिवसभर डोळ्यांसमोर असतं. पहाटे कोण चालायला येतं, परीक्षेच्या दिवसांत कुणाची मुलगी कुठल्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसते, हे मला बसल्या जागी कळतं. ही बाग नव्याने आखायला माणसं नेमली, तेव्हा त्यांचं काम पहिल्या दिवसापासून पाहिलं आणि पुढे त्यात हातही घातला. काम पुरं होऊन वर्ष झालं. आता आसपासच्या सोसायट्यांतली मंडळी माप द्यायला आली की विचारतात, "त्या बागवाल्यांचा अनुभव कसा?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

त्या दोघांचं नाव इथे देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत. चारचौघांत नावानिशी मांडायच्या नाहीत.

बाग तीस गुंठ्यांची. सोसायटी १९६९ सालची, आणि तेव्हाच्या सभासदांनी जे मिळेल ते रोप लावलं. त्यामुळे ही कातरलेल्या हिरवळीची बाग नाही, रानच आहे. मधोमध पर्जन्यवृक्ष, त्याची सावली अर्ध्या बागेवर. मागच्या भिंतीला करंज आणि शिरीष, कोपऱ्यात उंबर, रस्त्याच्या बाजूला सोनमोहोर, आणि मधल्या रिकाम्या जागी आपोआप पसरलेलं गिरिपुष्प. उंबर पिकला की राखी धनेशाची जोडी येते. तिचा आवाज आला की मी मशीन थांबवते.

तीन वर्षांपूर्वी सोसायटीने सुशोभीकरणाचं ठरवलं. एका ठेकेदाराचं कोटेशन आलं: सहा फुटी पेव्हर ब्लॉकचा चालायचा ट्रॅक, मधे लॉन, एक हायमास्ट दिवा, व्यायामाची यंत्रं, सेल्फीसाठी कमान. त्यात एकोणीस झाडांवर "अडथळा" असं लिहिलं होतं. सर्वसाधारण सभेत काही जुन्या सभासदांनी विरोध केला. वादावादीनंतर असं ठरलं, की राहणाऱ्यांना विचारून आराखडा करणारं कुणीतरी आणू. मग हे दोघे आले, एक मुलगी आणि एक मुलगा, तिशीच्या आतबाहेरचे.

त्यांची सुरुवात मला आवडली नाही, ती आधी सांगते. पहिली बैठक रविवारी सकाळी अकरा वाजता, सोसायटीच्या हॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. पडद्यावर चित्रं, त्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी, आणि चित्रांतली झाडं आपल्याकडची नव्हेत. रविवारी अकराला घरातल्या बायका स्वयंपाकघरात असतात आणि माझ्या दुकानात लग्नाची गिऱ्हाइकं असतात. ज्यांचे गुडघे दुखतात ते जिना चढून गेले नाहीत. मी शटर अर्धं ओढून दहा मिनिटं जाऊन आले. तिथे नेहमी बोलणारे तीन-चार गृहस्थच बोलत होते. भाडेकरूंना बोलावलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी फाटकाशी उभी होती. मी तिला आत बोलावून चहा दिला आणि हे सगळं सांगितलं. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही, वही काढून लिहून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही इथून जे बघता ते आम्हाला बघायचंय. एक दिवस बाहेर बाकडं टाकून बसू का?"

बसले. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पहाटे साडेपाचपासून रात्री साडेनऊपर्यंत, आळीपाळीने. दर पंधरा मिनिटांनी बागेत किती माणसं, कुठे, काय करताहेत, वय साधारण किती, बाई की पुरुष, याच्या रेघा मारत होते. एकोणीस वर्षं मी हेच पाहतेय, पण मोजलं कधी नव्हतं. सोसायटीचा समज असा, की बाग सकाळी चालणाऱ्यांची आणि संध्याकाळी मुलांची. रेघा मोजल्यावर दिसलं, की दुपारी साडेबारा ते तीन या वेळात रोज दहा-बारा बायका पर्जन्यवृक्षाखाली डबा खायला बसतात. कॉलनीत धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्या. सकाळची कामं आणि संध्याकाळची कामं यांच्या मधे घरी जाऊन यायला बसभाडं परवडत नाही, म्हणून इथे थांबतात. कोटेशनमध्ये लॉन नेमकं तिथेच होतं, आणि लॉनवर बसायला मनाई.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्याच मापाने शिवा." मी तरी टेप लावतेच, कारण अंग बदललेलं असतं आणि त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. बागेचंही तसंच निघालं.

पुढची बैठक रात्री आठला, बागेच्या पायऱ्यांवर, खाली सतरंजी टाकून. कागद मराठीत. आणि मावशींसाठी वेगळी, दुपारी एक वाजता, त्यांच्याच झाडाखाली. त्या बैठकीला सेक्रेटरींची हरकत होती: "सभासद नसलेल्यांना कशाला विचारायचं? पैसे सभासदांचे." यावर त्या मुलाने आवाज न चढवता सांगितलं, की निर्णय सभासदच घेणार आहेत, पण निर्णय घेताना जागेवर काय चाललंय हे त्यांना कळलं पाहिजे, आणि ते कळवणं हे आमचं काम. हे उत्तर मला फार पटलं. मीही सभासद नाहीच.

मग आली माझ्या आवडीची गोष्ट. त्यांनी माझ्याकडचे उरलेले कापडाचे तुकडे मागितले. पिवळे, लाल, निळे अशा तीनशेच्या वर पट्ट्या मी कापून दिल्या. ज्याला जिथे बसायला आवडतं तिथे त्याने पिवळी बांधायची, जिथे भीती वाटते किंवा पाय अडखळतो तिथे लाल, आणि पावसात पाणी साचतं तिथे निळी. फांदीला, बाकाला, कुंपणाला बांधायची, खिळा कुठेही ठोकायचा नाही. लिहिता न येणाऱ्या मावशीपासून चौथीतल्या मुलापर्यंत सगळ्यांनी बांधल्या. चार दिवसांत बाग नवसाच्या झाडासारखी दिसायला लागली, आणि नकाशा न काढता नकाशा तयार झाला.

सगळ्यात जास्त लाल पट्ट्या अंधाऱ्या कोपऱ्यात असतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या होत्या दुरंटाच्या उंच कुंपणालगत, जिथे दिव्याचा उजेड पुरेसा आहे. कॉलेजातल्या मुलींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथे आम्ही कुणाला दिसत नाही. आणि पलीकडून बाहेर पडायला वाट नाही." माझ्याच गिऱ्हाईक असलेल्या मुली या, सहा-सात वर्षं त्यांचे ड्रेस शिवतेय, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. हायमास्टने हे सुटलं नसतं. झगझगीत दिव्याखाली झाडाची सावली आणखी काळी पडते, आणि उजेडातून अंधारात बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. शेवटी कुंपण कमरेइतकं उतरवलं, मागच्या भिंतीला दुसरं छोटं फाटक काढलं, आणि वाटेलगत गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली तोंड केलेले पिवळसर दिवे लावले. ते रात्री दहाला बंद होतात, म्हणजे झाडावरच्या पिंगळ्यांनाही रात्र मिळते.

झाडांच्या बाबतीत मी त्यांना पूर्ण गुण देते. त्यांच्याबरोबर एक वनस्पतिशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी रविवारी सकाळी लोकांना बरोबर घेऊन एकेक झाड मोजलं. एकशे त्रेचाळीस भरली. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने घ्यायचा, आणि टेप माझाच असल्यामुळे मीही होते. घेरावरून वयाचा अंदाज काढतात. पर्जन्यवृक्ष पन्नाशीच्या पुढे गेलेला. तिथे त्यांनी कायदा समजावून सांगितला, आणि बऱ्याच सभासदांना तो पहिल्यांदाच कळला. राज्यात शहरांसाठीचा वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. जागा खासगी असली, सोसायटीची असली, तरी झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते आणि लोकांना हरकत घेता येते. २०२१ साली त्यात बदल होऊन पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसावृक्ष मानलं गेलं, आणि झाड तोडायचंच झालं तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावून जगवायची असं आलं. सेक्रेटरींनी तिथेच हिशोब मांडला. एकोणीस "अडथळे", कुणी तीस वर्षांचा, कुणी चाळीस. सहाशेच्या वर रोपं. तीस गुंठ्यांत ती लावणार कुठे? त्या दिवसानंतर अडथळा हा शब्द कुणी काढला नाही.

उंबराभोवती आणि आणखी चार झाडांभोवती सिमेंटचे पार होते, बुंध्याला अगदी चिकटून. बसायला बरे, पण झाडाच्या गळ्याला फास. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते उदाहरण त्यांनी दिलं. मला लगेच समजलं, कारण शिवणीला आपण माया ठेवतोच. आज अंगाला बरोबर बसणारा ब्लाउज दोन वर्षांनी उसवून सैल करायचा तर आत कापड लागतं. माया न ठेवता शिवलेला कपडा फेकून द्यावा लागतो. झाडालाही माया ठेवली पाहिजे, एवढंच ते सांगत होते. पार फोडले, ते छिन्नी-हातोड्याने, कारण झाडाची अन्नपाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे पसरलेली असतात. बसायला म्हणून थोडं लांब दगडी कट्टा केला, पाठ टेकता येईल असा. पाठ टेकायची सूचना मावशींची.

गिरिपुष्पावरून बराच वाद झाला. काही जाणकार सभासद म्हणत होते, बाहेरून आलेलं झाड, त्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही, सगळंच काढा. दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीत त्याला येणारी गुलाबी फुलं आवडणारे होते. ठरलं असं, की परवानगी घेऊन टप्प्याटप्प्याने, दर वर्षी थोडी कमी करायची, आणि त्यांच्याच सावलीत आधी कौशी, वारस, मेढशिंगी, शिवण, पांगारा लावून घ्यायचे. सगळं एकदम साफ केलं असतं तर पहिल्याच उन्हाळ्यात रोपं होरपळली असती. वाळलेल्या सोनमोहोराचंही तसंच. काहींना तो धोकादायक वाटत होता आणि वाटेवर आलेल्या फांद्यांबाबत ते खरंही होतं. पण त्याच्या खोडात तांबटांची भोकं होती. तांबट वाळक्या लाकडातच घर कोरतो. परवानगी काढून वाटेवरच्या फांद्या उतरवल्या आणि बारा फुटांचं खोड उभं ठेवलं. या फेब्रुवारीत तिथून "टुक टुक" ऐकू आलं, तेव्हा ज्या काकांनी ते खोड पाडायचा आग्रह धरला होता, तेच नातवाला घेऊन दाखवायला आले.

वाट आखतानाही त्यांनी थेट कुदळ लावली नाही. मे महिन्यात मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की टाकून पूर्ण वाट जमिनीवर खऱ्या मापात काढली आणि आठ दिवस लोकांना तिच्यावरून चालू दिलं. आम्ही याला कच्ची शिलाई म्हणतो. लांब टाके घालून अंगावर चढवून बघायचं, मग पक्कं शिवायचं. तिसऱ्याच दिवशी दिसलं, की उंबराच्या वळणावर सगळे फक्की सोडून आतून चालताहेत. पडलेल्या उंबरांवर पाय घसरतो, म्हणून. चाकाच्या खुर्चीवरच्या एका आजींना दोन ठिकाणी चढ जड गेला. दोन्ही वळणं बदलली. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, तो अर्ज मी दोनदा भरलाय. अर्जावर काय हवं ते लिहिता येतं. ते कसं हवं, हे मात्र असं जागेवर चालूनच कळतं. पक्की वाट पेव्हरची न करता मुरूम आणि बारीक खडी दाबून केली, साडेचार फुटी. पाणी मुरतं आणि अनवाणी चालणाऱ्यांनाही चालतं. गेल्या पावसाळ्यात एके ठिकाणी ती थोडी वाहून गेली. दर वर्षी डागडुजी लागणार, आणि हे त्यांनी आधीच लेखी दिलं होतं.

वेळ ठरल्यापेक्षा खूप जास्त लागला. चौदा आठवडे म्हणाले होते, आराखडाच सात महिन्यांनी हातात पडला. त्यातले दोन महिने पावसाची वाट बघण्यात गेले, कारण निळ्या पट्ट्या लोकांनी आठवणीने बांधल्या होत्या आणि पाणी खरोखर कुठे साचतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ते मला मान्य. बाकीचे दोन-तीन महिने मात्र निरोपाविना गेले. फोन उचलायचे, पण स्वतःहून कळवायचे नाहीत. अशा वेळी लोकांना वाटतं, पट्ट्या बांधून घेतल्या आणि विसरले. मला दिवसातून चार जण विचारायचे.

आता मोठ्या तक्रारी दोन.

मावशींनी दोन गोष्टी मागितल्या होत्या: पिण्याच्या पाण्याचा नळ आणि संडास. दिवसभर चार घरी राबणाऱ्या बाईला त्या घरांतला संडास वापरू देत नाहीत, ही आपल्या सुशिक्षित कॉलन्यांतली गोष्ट आहे आणि ती मी रोज ऐकते. दुपारच्या बैठकीत त्या हे बोलल्या तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पहिल्या नकाशात दोन्ही होतं. शेवटचा नकाशा फाटकावर लागला तेव्हा नळ होता, संडास नव्हता. कुणी काही सांगितलं नव्हतं. एका मावशीने मला नकाशावर बोट ठेवून "ताई, यात ते कुठंय?" विचारलं आणि मला शोधूनही सापडेना. त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, देखभाल कोण करणार यावर समितीने तो वगळायला सांगितलं. समितीचा तो अधिकार आहे. पण ज्यांनी मन मोकळं करून मागितलं, त्यांच्यापर्यंत जाऊन "हे होणार नाही, आणि का होणार नाही" हे सांगणं त्या दोघांचं काम होतं. विचारायला झाडाखाली जाऊन बसलात, तर नकार सांगायलाही तिथेच बसायला हवं होतं. मी हे तिला असंच्या असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दोघेही आले, मावशींसमोर बसले, चुकलं म्हणाले.

दुसरी तक्रार देखरेखीची. त्यांच्या करारात आराखडा होता, पण काम चालू असताना रोज उभं राहणं नव्हतं. दिव्यांची केबल टाकायला ठेकेदाराने जेसीबी आणला आणि पर्जन्यवृक्षाच्या बाजूने चर काढायला घेतला. आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं, की झाडाखाली हातानेच खणायचं. मी दुकानातून पाहिलं, धावत गेले, तोवर मनगटाएवढं एक मूळ तुटलं होतं. फोन केला, वीस मिनिटांत मुलगा आला, काम थांबलं, पुढचा चर हाताने काढला आणि वळवून घेतला. पण ते मूळ गेलंच. त्यानंतर मशीनवर माझा हात दिवसभर चालला नाही. तुम्ही कुणालाही नेमा, देखरेखीचे पैसे वेगळे ठेवा आणि करारात लिहून घ्या. आम्ही त्यांना आराखड्याचे एक लाख पंच्याऐंशी हजार दिले. आणखी तीस-चाळीस हजारांत देखरेख झाली असती. एकूण काम अकरा लाखांत झालं आणि ठेकेदाराचं पहिलं कोटेशन सतरा लाखांचं होतं, तेव्हा पैशांची अडचण नव्हतीच.

या फेब्रुवारीत ते दोघे पुन्हा आले. करारात नव्हतं, पण पहिल्याच दिवशी म्हणाले होते, की वर्षाने परत मोजू. तेच बाकडं, तोच वेळ, त्याच रेघा. दुपारच्या बायका आता सतरा झाल्यात. संध्याकाळी सातनंतर मुली आणि बायका पूर्वी जवळजवळ नसायच्या, आता असतात. व्यायामाची दोन यंत्रं लोकांच्या आग्रहाने घेतली होती, त्यांच्यासमोर मात्र रेघा फारच थोड्या पडल्या, आणि हेही त्यांनी समितीला लेखी कळवलं.

पाचांत चार तारे देते. पुन्हा नेमायचं झालं तर मी यांनाच नेमा म्हणेन, वर सांगितलेल्या दोन गोष्टी करारात घालून. आणि हो, बैठक रविवारी अकराला ठेवू देऊ नका.

संडासाचं पुढे असं झालं. वॉचमनकाकांच्या खोलीमागे एक जुना होता, वर्षानुवर्षं बंद. त्या दुपारच्या बैठकीनंतर समितीतल्या दोन बायकांनी पुढाकार घेतला, पाइप बदलला, दार बसवलं. सफाईचा महिन्याचा खर्च सोसायटीने घ्यायचा आणि चावी माझ्या दुकानात ठेवायची असं ठरलं. रिळांच्या स्टँडला एक आकडा आहे, त्यावर लाल पट्टीत बांधून ती लटकवलेली असते. मावशी येतात, चावी घेतात, जाताना परत अडकवतात. विचारत नाहीत, विचारायची गरजच नाही.